लिहिण्याच्या वर्षाचा खर्च कोणी उचलला? चैतन्य ताम्हाणे यांच्या पहिल्या चित्रपटाचे प्रकरण

चित्रपटक्षेत्रात स्वतंत्रपणे, म्हणजे कोणाच्याही पगारावर न राहता काम करणाऱ्या माणसाला नेमके कशाचे पैसे मिळतात, हे आधी नीट पाहिले पाहिजे. छायालेखकाला चित्रीकरणाच्या दिवसांचे मिळतात, ध्वनिमुद्रकाला शिफ्टचे मिळतात, मालिकेच्या लेखकाला भागागणिक मिळतात, आणि संकलकाशी बहुधा संपूर्ण कामाची एकरकमी बोलणी होतात. ज्या काळात गोष्ट सुचते, तपासली जाते, टाकून दिली जाते आणि पुन्हा उभी राहते, त्या काळाला मात्र कोणताही दर नाही. चित्रपटाची खरी घडण याच काळात होते आणि याच काळात बहुतेक होतकरू माणसे गळतात. त्यांची प्रतिभा संपलेली नसते. घरभाडे थकलेले असते. म्हणून स्वतंत्र सर्जनशील कारकिर्दीचा अभ्यास करताना पुरस्कारांपासून सुरुवात न करता, पुरस्काराच्या आधीच्या बिनउत्पन्नाच्या काळात त्या माणसाचे पोट कशावर चालले होते, हा प्रश्न आधी विचारायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्टपणे उपलब्ध असलेले एक मराठी प्रकरण म्हणजे चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा पहिला चित्रपट. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये व्हेनिस महोत्सवात त्याला दोन मोठे सन्मान मिळाले तेव्हा दिग्दर्शकाचे वय २७ होते, आणि वर्तमानपत्रांनी साहजिकच त्या वयाचे कौतुक केले. परंतु २७ व्या वर्षी मिळालेल्या यशामागे जवळजवळ दहा वर्षांचे काम होते, आणि त्या दहा वर्षांत एक वर्ष असे होते की ज्याच्यावाचून पुढचे काहीच घडले नसते.

आधीची कामे

ताम्हाणे यांचा जन्म १९८७ मध्ये मुंबईत झाला. मिठीबाई महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला. चित्रपटाचे शिक्षण देणाऱ्या कोणत्याही संस्थेत ते गेले नाहीत. विशी गाठण्यापूर्वीच त्यांनी बालाजी टेलिफिल्म्समध्ये मालिकालेखनाचे काम केले. २००६ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, भारतीय चित्रपटांतील उचलेगिरीवर त्यांनी ‘फोर स्टेप प्लॅन’ नावाचा माहितीपट केला. २००९ मध्ये ‘ग्रे एलिफंट्स इन डेन्मार्क’ हे दुसऱ्याच्या मनातले ओळखणाऱ्या जादूगाराभोवती फिरणारे इंग्रजी नाटक लिहून दिग्दर्शित केले, आणि त्यानंतर दार्जिलिंगच्या चहाच्या पार्श्वभूमीवर ‘सिक्स स्ट्रँड्स’ हा लघुपट केला, जो परदेशांतील अनेक महोत्सवांत दाखवला गेला.

या यादीकडे उत्पन्नाच्या दृष्टीने पाहिले तर मालिका सोडल्यास तीत फारसे काही नाही. पुराव्याच्या दृष्टीने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. माहितीपट, नाटक आणि लघुपट ही तीन वेगवेगळ्या माध्यमांतील कामे आहेत. तीनही लहान आहेत, तीनही पूर्ण झालेली आहेत, आणि तीनही एका व्यक्तीच्या निर्णयशक्तीची साक्ष देतात. आपल्याकडे तरुण लेखक-दिग्दर्शक पुष्कळदा एकच मोठी पटकथा वर्षानुवर्षे उराशी धरून बसतात, तिची नॅरेशन देत या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरतात, आणि समोरच्याला दाखवायला त्यांच्या हाती संपलेले असे काहीच नसते. निर्मात्याला मात्र समोरचा माणूस हातात घेतलेले काम शेवटापर्यंत नेतो की नाही, हेच सर्वप्रथम पाहायचे असते. कल्पना ऐकून त्याचा अंदाज येत नाही.

नाटकाने आणखी एक गोष्ट केली, आणि या प्रकरणात ती निर्णायक ठरली. त्या नाटकात विवेक गोम्बर हे अभिनेते काम करत होते. तालमीच्या खोलीत दिग्दर्शक कसा विचार करतो, कुठे अडतो, कुठे तडजोड करत नाही, हे त्यांनी रोजच्या रोज पाहिले होते. चित्रपट-व्यवसायात ओळखीला फार महत्त्व आहे असे सगळेच म्हणतात. पण समारंभात झालेली ओळख आणि एकत्र कामातून झालेली ओळख यांची किंमत सारखी नसते. ताम्हाणे यांना पुढे निर्माता मिळाला तो या दुसऱ्या प्रकारच्या ओळखीतून.

दरमहा १५ हजार रुपये

‘सिक्स स्ट्रँड्स’ झाल्यानंतर ताम्हाणे यांच्यापाशी ना नोकरी होती ना पैसा. न्यायालयावर काहीतरी करावे असे मनात होते, एवढेच. हा टप्पा या क्षेत्रातील जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतो, आणि इथून सहसा दोन वाटा फुटतात. पहिली म्हणजे मिळेल ते काम घेणे: मालिकांचे भाग, जाहिरातींच्या संहिता, कोणाच्या तरी हाताखाली साहाय्यक दिग्दर्शकाची जागा. या वाटेने भाडे निघते. पण मालिकेचे पैसे प्रक्षेपणानंतर साधारण ९० दिवसांनी हाती येण्याचा रिवाज असल्यामुळे एक काम संपले तरी लेखक मोकळा होत नाही, कारण मागचे पेमेंट येईपर्यंत पुढचे काम घेणे भाग पडते. अशी दोन-तीन वर्षे सहज निघून जातात आणि स्वतःची पटकथा चौथ्या पानावर थांबलेली असते. दुसरी वाट घरच्यांच्या आधाराची, जी मोजक्यांनाच खुली असते.

ताम्हाणे यांच्याबाबतीत तिसरी वाट निघाली. गोम्बर यांनी त्यांना लिहिण्यासाठी साधारण वर्षभर दरमहा १५ हजार रुपये देण्याची तयारी दाखवली. वर्षाचे १ लाख ८० हजार रुपये होतात. पूर्ण लांबीच्या कोणत्याही चित्रपटाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम एखाद्या दिवसाच्या चित्रीकरणाच्या खर्चात बुडून जाईल इतकी लहान आहे, आणि मुंबईसारख्या शहरात ती चैनीची तर नव्हतीच. तरीही संपूर्ण प्रकल्पात सर्वांत जास्त परिणाम करणारा खर्च कोणता, असे विचारले तर मी निःसंकोचपणे याच रकमेकडे बोट दाखवीन.

त्याचे कारण या पैशांच्या स्वरूपात आहे. ती आगाऊ रक्कम नव्हती, म्हणजे अमुक तारखेला पहिला ड्राफ्ट दिला नाही तर परत करा, असा तगादा तिच्यामागे नव्हता. ते कर्ज नव्हते, त्यामुळे फेडीच्या काळजीने दुसरे काम धरण्याची पाळी आली नाही. रक्कम एकदम न येता महिन्याच्या महिन्याला येत होती, आणि स्वतंत्र काम करणाऱ्याच्या आयुष्यात नियमितपणाचे मोल रकमेच्या आकड्याहून जास्त असते. वर्षाच्या शेवटी एकदम आलेले दीड-दोन लाख आधीच्या उधारीतच जिरतात, तर दरमहा येणारे पंधरा हजार तेवढ्या महिन्यापुरती मनाची मोकळीक देतात.

ही मोकळीक कुठे खर्च झाली, ते चित्रपटात स्पष्ट दिसते. ताम्हाणे खालच्या न्यायालयांत जाऊन बसले. तिथे त्यांना चित्रपटांतल्या टाळ्याखाऊ वादविवादांऐवजी तारखा, कंटाळा, पुटपुटत वाचली जाणारी निवेदने आणि कारकुनी कामाची संथ गती दिसली. झारखंडमधील सांस्कृतिक कार्यकर्ते जितन मरांडी यांच्यावरील खटल्याचाही त्यांनी विचार केला होता. यातून नारायण कांबळे या लोकशाहिराची गोष्ट आकाराला आली: शाहिराच्या गाण्यामुळे एका गटार-सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप त्याच्यावर ठेवला जातो, आणि खटला रेंगाळत राहतो. ही पटकथा मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा चार भाषांत वावरते, आणि वकील, सरकारी वकील व न्यायाधीश यांच्या न्यायालयाबाहेरच्या दिवसांनाही तितकीच जागा देते. असे लेखन संध्याकाळच्या दोन तासांत होत नाही. जागेवर जाऊन, काहीही न घडणारे दिवस पाहत बसण्याची ऐपत असावी लागते.

बाहेरचा पैसा

फेब्रुवारी २०१२ मध्ये नेदरलँड्समधील रॉटरडॅम चित्रपट महोत्सवाशी संलग्न असलेल्या ह्युबर्ट बाल्स फंडाचे पटकथा आणि प्रकल्प-विकासासाठीचे अनुदान ‘कोर्ट’ला मिळाले. अशा अनुदानांच्या रकमेकडे पाहून आपल्याकडे कधी कधी नाक मुरडले जाते, कारण त्यातून चित्रपट उभा राहत नाही. तो तसा उभा राहावा ही अपेक्षाच नसते. अनोळखी, जाणकार परीक्षकांनी कागदावरची गोष्ट वाचून तिला दिलेली ती मान्यता असते, आणि पुढे महोत्सवांचे निवडकर्ते, वितरक आणि तंत्रज्ञ यांच्यापुढे तिचा उपयोग शिफारसपत्रासारखा होतो. नवख्या दिग्दर्शकाचा फोन उचलला जाण्यासाठी तेवढे पुरते.

इथे महाराष्ट्राचा संबंध थोडा सविस्तर सांगण्याजोगा आहे. राज्य सरकारची मराठी चित्रपटांसाठीची अनुदान योजना मूलतः पूर्ण झालेल्या चित्रपटासाठी आहे. चित्रपट तयार झाल्यावर, त्याचे सेन्सॉर प्रमाणपत्र आल्यावर परीक्षण समिती दर्जा ठरवते आणि मग निर्मात्याला अनुदान मिळते. अनेक निर्मात्यांना या योजनेने तारले आहे, यात शंका नाही. पण तिच्या रचनेत लेखकाचे ते बिनउत्पन्नाचे वर्ष कुठेच बसत नाही. ज्याने आधीच पैसा उभा केला त्याला मदत मिळते. ज्याला लिहायला एक वर्ष हवे आहे त्याने ते आपले आपण मिळवावे, असा याचा अर्थ होतो. पंधरा हजारांच्या हिशेबाने पाहिले तर एका ‘अ’ दर्जाच्या चित्रपटाला मिळणाऱ्या अनुदानात कितीतरी लेखकांची वर्षे निघतील. मराठी चित्रपटाच्या संहितांबद्दल तक्रार करणाऱ्या प्रत्येकाने या असमतोलाकडे पाहावे, असे मला कळकळीने वाटते.

निर्मिती

निर्माता म्हणून गोम्बर यांनी झू एंटरटेनमेंट या आपल्या संस्थेतर्फे चित्रपट केला आणि बचाव पक्षाच्या वकिलाची, विनय व्होरा यांची, भूमिकाही केली. हा भाग व्यावसायिकदृष्ट्या फार लक्षणीय आहे. मुंबईत भूमिकेची वाट पाहणारा अभिनेता आणि पैशांची वाट पाहणारा लेखक हे दोघेही स्वतंत्र कलावंतच होते. एकाने दुसऱ्याचा वेळ विकत घेतला आणि त्यातून दोघांचीही कारकीर्द उभी राहिली. पुढे गोम्बर २०१८ च्या कान महोत्सवातील समीक्षक सप्ताहात गेलेल्या ‘सर’ या चित्रपटात प्रमुख भूमिकेत दिसले आणि ‘अ सूटेबल बॉय’ या मालिकेतही होते.

कलावंतांची निवड महिनोन्महिने चालली आणि बहुतेक भूमिका व्यावसायिक नट नसलेल्यांनी केल्या. नारायण कांबळे यांची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे संपादक वीरा साथीदार यांनी केली. सरकारी वकील गीतांजली कुलकर्णी झाल्या, ज्या रंगभूमीवरच्या मुरलेल्या अभिनेत्री होत्या. शाहिरी गाण्यांसाठी संभाजी भगत होते. एकेका प्रसंगाचे डझनावारी टेक घेतले गेले. निर्माता बाहेरचा असता तर नवशिक्या दिग्दर्शकाला एवढी सवलत मिळाली नसती. लेखनाच्या वर्षात ज्या विश्वासाने पैसे दिले गेले, तोच विश्वास चित्रीकरणाच्या दिवसांतही टिकला, आणि म्हणूनच ही संथ, न हलणाऱ्या कॅमेऱ्याची शैली कोणाच्या दबावाखाली बदलली नाही.

एकच चित्रपट त्यात काम करणाऱ्या सर्वांना सारखे देत नाही, हे इथे नोंदवायला हवे. दिग्दर्शकाला त्यातून जगभरची दारे उघडली. साथीदार मात्र आधी होते तसे चळवळीतलेच राहिले, आणि एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने त्यांचे नागपुरात निधन झाले. अव्यावसायिक कलावंतांच्या अभिनयाचे कौतुक करताना, त्यांच्यासाठी पुढची वाट व्यवसायात जवळजवळ नसतेच, हे आपण सोयीने विसरतो.

पुरस्कार आणि प्रत्यक्ष हाती आलेले

व्हेनिसच्या ७१ व्या महोत्सवात ‘कोर्ट’ला ओरिझोंती विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा ‘लायन ऑफ द फ्यूचर’ असे दोन पुरस्कार मिळाले. दुसऱ्या पुरस्कारासोबत १ लाख अमेरिकी डॉलर असतात आणि ते दिग्दर्शक व निर्माता यांच्यात समान वाटले जातात. पाठोपाठ मुंबईच्या मामी महोत्सवात सन्मान झाला, मार्च २०१५ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक जाहीर झाले, ज्यात सुवर्णकमळ आणि निर्माता व दिग्दर्शकाला प्रत्येकी अडीच लाख रुपये होते, आणि १७ एप्रिल २०१५ रोजी चित्रपट भारतात प्रदर्शित झाला. ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणूनही त्याची निवड झाली.

हिशेब मांडला तर दिग्दर्शकाच्या वाट्याला आलेली सर्वांत मोठी ठळक रक्कम म्हणजे व्हेनिसच्या पुरस्काराचा अर्धा भाग. लेखन सुरू झाल्यापासून ती मिळेपर्यंत तीन वर्षे लोटली होती, आणि ती मिळेलच असे कोणालाही सांगता आले नसते. ज्यांना या मार्गाने जायचे आहे त्यांनी पुरस्काराची रक्कम कधीही उत्पन्न म्हणून धरू नये. या प्रकरणात तिने पुढच्या चित्रपटाच्या शोधासाठी श्वास घ्यायला जागा दिली, एवढेच तिचे व्यावहारिक काम.

कारण दुसरा चित्रपट यायला सहा वर्षे लागली. दरम्यानच्या काळात, नामवंत कलावंताच्या हाताखाली तरुण कलावंताला शिकू देणाऱ्या रोलेक्सच्या गुरू-शिष्य उपक्रमात ताम्हाणे यांची निवड झाली आणि मेक्सिकन दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोन यांच्या ‘रोमा’च्या चित्रीकरणाचे काम मेक्सिकोत जवळून पाहण्याची संधी त्यांना मिळाली. हिंदुस्थानी संगीतावरील ‘द डिसायपल’ २०२० मध्ये व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत गेला. २००१ नंतर त्या स्पर्धेत पोहोचलेला तो पहिला भारतीय चित्रपट होता. त्याला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार आणि समीक्षकांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला, आणि ३० एप्रिल २०२१ रोजी तो नेटफ्लिक्सवर आला. निर्माते पुन्हा गोम्बरच होते, संकलन ताम्हाणे यांनी स्वतः केले, आणि प्रमुख भूमिकेत गायक आदित्य मोडक होते. त्या चित्रपटाचा नायक, शास्त्रीय गायन शिकणारा तरुण, जुनी ध्वनिमुद्रणे नव्या रूपात आणून विकणाऱ्या एका छोट्या संस्थेत काम करून आपली साधना चालवतो. कलेच्या बाजूला पोटापाण्याचे काम कसे उभे असते, हे पडद्यावर इतक्या सच्चेपणाने मराठीत फार थोड्या वेळा आले आहे.

दुसऱ्यांना यातून काय घेता येईल

हे प्रकरण जसेच्या तसे गिरवता येणारे नाही. मुंबईत वाढणे, इंग्रजीत अर्ज आणि पटकथा लिहिता येणे, महोत्सवांच्या जगाची माहिती असणे, आणि पैसे देऊ शकणारा मित्र असणे या चारही गोष्टी सोलापूरच्या किंवा गडचिरोलीच्या मुलीकडे एकदम असण्याची शक्यता कमी आहे. चांगल्या चित्रपटाला वाट सापडतेच, असे या यशावरून कोणी म्हणू लागले तर ते मला मान्य नाही. या चित्रपटाला वाट सापडली कारण एका विशिष्ट वर्षी एका विशिष्ट माणसाने महिन्याचे पैसे दिले.

तरी त्यातला एक धागा हस्तांतरित होऊ शकतो. जो पैसा हवा आहे तो चित्रपटाचा नसून वेळेचा आहे, असे ठरवले की मागणीचा आकडा एकदम खाली येतो. कोटीभर रुपये देणारा माणूस ओळखीत नसतो. बारा महिने ठरावीक रक्कम देऊ शकणारा एखादा, किंवा ती वाटून घेऊ शकणारे चारजण, कदाचित असतात. त्यांच्याकडे जाताना संपवलेली दोन-तीन लहान कामे हातात असावीत, आणि शक्य असेल तर त्या कामांत ते स्वतः सहभागी झालेले असावेत.

मैत्रीतून आलेल्या पैशालाही कागद लागतो. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या लेखकाने लिहिलेल्या पटकथेचा पहिला हक्क लेखकाचाच असतो, आणि तो लेखी व सहीनिशीच दुसऱ्याकडे जातो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच हक्क दिला असे मानले जाते, आणि घेणाऱ्याने वर्षभरात त्या हक्काचा वापर केला नाही तर, करारात वेगळे म्हटले नसल्यास, तो हक्क संपुष्टात येतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून येणाऱ्या स्वामित्वधनातील (रॉयल्टीतील) लेखकाचा समान वाटा चित्रपटासाठीच्या करारानेही हिरावून घेता येत नाही. म्हणून दरमहा मिळणारी रक्कम ही केवळ वेळेसाठी आहे की पटकथेच्या मोबदल्यापोटी आहे, चित्रपट झालाच नाही तर लिहिलेले कोणाचे, आणि झाला तर ही रक्कम पुढच्या मानधनातून वळती होणार की नाही, या तीन गोष्टी पहिला हप्ता घेण्यापूर्वीच लिहून दोघांनी सही केलेली असावी.